चोरीचा पुदिना

चौक गावात जुन्या हायवेला लागून आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. ते थकले, नवऱ्याला कंपनीतली नोकरी सोडवेना, म्हणून सून बसली. सुनेला शेतीतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. माझं माहेर कर्जतचं, वडील भाताचे व्यापारी. भात मी लहानपणापासून पाहिला तो गोणीत. तो जमिनीतून उगवतो हे माहीत होतं, पण माझ्या दृष्टीनं ती ऐकीव माहिती होती.

तरी इतकी वर्षं दुकान चाललंय, ते पाकिटांच्या पाठीमुळे. बियाण्याच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं: किती खोल पेरायचं, दोन ओळींत किती जागा सोडायची, पाणी कधी तोडायचं. गिऱ्हाईक यायच्या आत ते वाचून घ्यायचं आणि गिऱ्हाईक आलं की पाकीट सुलटं ठेवून तेच ठासून सांगायचं, ही माझी पद्धत. लोकांनी मला केव्हाच 'ताई' करून टाकलंय. भेंडीवर मावा पडला, ताईला विचारा. मिरची आकसली, ताईला विचारा. शनिवारी फार्महाऊसवाले गाडी लावून उतरतात आणि "मिंट आहे का?" म्हणतात, तेव्हा मी जरा मान वर करून "पुदिना म्हणायचंय का तुम्हाला?" असं विचारते. मग सांगते, "तो कुणालाही लागतो हो. काडी खोचली की झालं."

हे वाक्य मी आजवर कितीजणांना ऐकवलं असेल देव जाणे. आणि इकडे लोधिवलीत, माझ्या स्वतःच्या घरी, खाण्याजोग्या पुदिन्याची एक काडी जगली नव्हती.

प्रयत्नांत मी कसूर केली नव्हती. बाजारातली जुडी आणायची, पानं खुडून चटणी करायची आणि उरलेल्या काड्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या करायच्या, हे सगळ्याच बायका करतात. बाकीच्यांच्या पेल्यात पांढरी मुळं सुटतात. माझ्या पेल्यातल्या काड्या काळ्या पडायच्या आणि वास असा सुटायचा, की नवरा "उंदीर मेला का कुठं?" म्हणत ओट्याखाली वाकायचा. मग मी कुंडीत लावला. दुकान घरचं, हात आखडता कशाला घ्यायचा? गांडूळखत घातलं, निंबोळी पेंड घातली, वर युरियाचे चार दाणे टाकले, आणि ते अगदीच केविलवाणे दिसले म्हणून आणखी मूठभर टाकला. तो पुदिना माझ्या मायेनंच जळाला.

एकदा एका फार्महाऊसवाल्या बाईंनी त्यांच्याकडचं कुठल्याशा परदेशी जातीचं रोप मला कौतुकानं आणून दिलं. ते मात्र लागलं. मला आभाळ ठेंगणं झालं. नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला, त्या दिवशी मी त्याची चटणी वाटली आणि वाढताना "घरचा आहे हं" असंही म्हणाले. जावयानं भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात घातला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं फार अदबीनं विचारलं, "आई, कुणाचं डोकं दुखतंय का घरात?" चटणीला कपाळावर चोळायच्या बामचा वास होता, चवही तीच असावी. माझ्या हाताला लागलेलं एकुलतं एक रोप मी दुसऱ्या दिवशी उपटून टाकलं.

खरं म्हणजे मला पुदिन्याची काही ददात नव्हती. आमच्या परसाला लागून चाचीचं परस. मधे कमरेएवढी, दगडावर दगड रचलेली भिंत. चाची आमच्या सासूबाईंच्या बरोबरीची, खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इथं आलेली. चाचांचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान होतं. ते गेले, मुलगा पनवेलला स्थिरावला, आणि चाची एकटीच त्या घरात राहत होती. तिच्या मागल्या दाराशी भांडी घासायची शिळा होती. शिळेवरचं पाणी पपईच्या बुंध्याशी जायचं आणि त्या ओलीवर पुदिना पसरला होता, गोधडी अंथरावी तसा. त्याला ती ना खत घालायची ना औषध. वाटेत आला तर त्याच्यावर पाय देऊन जायची. माझ्या दुकानातलं तिनं कधी काही नेलं नाही, आणि हे मला थोडं लागायचंही.

"घे गं," असं म्हणत ती भिंतीवरून मूठ पुढं करायची आणि मी पदर नाहीतर ताटली पुढं करायची. तांदळाची भाकरी, तिच्यावर लोणी आणि कैरी घालून वाटलेली पुदिन्याची चटणी, एवढ्यावर आमच्या घरातली उन्हाळ्याची जेवणं झाली आहेत. नवऱ्याला ताकात लागतो, मला पोट बिघडलं की नुसता उकळून लागतो. रमजानात संध्याकाळी चाचीकडून भज्यांची ताटली यायची, तिच्यात वाटीभर हिरवीगार चटणी. रिकामी ताटली परत करू नये म्हणून मी तिच्यात काहीतरी गोडाधोडाचं घालायची. असं छान चाललं होतं. माझं स्वतःचं रोप हवं होतं ते खाण्यासाठी नव्हतंच. बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईला शेजारून पुदिना मागावा लागतो, ही गोष्ट चौकपर्यंत जाऊ नये, एवढाच त्यातला हेतू होता.

त्या पुदिन्याची कथा चाचीनं मला भांडी घासता घासता सांगितली होती. तो तिच्या माहेरचा. लग्न होऊन निघायच्या दिवशी ती तोंड धुवायच्या निमित्तानं मागल्या दारी गेली, आईच्या वाफ्यातला एक कोंब मुळासकट उपटला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि नव्या पिशवीत कपड्यांच्या तळाशी लपवला.

"लपवला कशाला?" मी विचारलं. "आई नाही म्हणाली असती का?"

"नाय कशाला म्हणंल? टोपलीभर दिला असता. पण मागून नेलेला लागत नाय गं. चोरून न्यायला लागतो." मग जरा थांबून म्हणाली, "आईनं बघितलं. चुलीजवळ उभी होती. बघितलं आणि पाठ फिरवली."

चोरून आणलेलं झाड चांगलं लागतं, हे आमच्याकडेही म्हणतात. कढीपत्त्याबद्दल म्हणतात, मनी प्लँटबद्दल तर सगळेच म्हणतात. पण मी पाकिटाची पाठ वाचणारी बाई. मी हसले आणि दिलेली मूठ घेऊन घरात गेले.

गेल्या वर्षी चाचीच्या मुलानं ते घर विकायचं ठरवलं. आई एकटी पडते, रात्री-अपरात्री काही झालं तर काय, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. जागा घेतली पलीकडच्या ढाबेवाल्यानं. त्याला गाड्या लावायला जागा हवी होती. घर पाडायचं, परस सपाट करायचं आणि सगळीकडून सिमेंटचा कोबा घालायचा, असं ठरलं. ईद झाली की चाची पनवेलला जाणार होती.

हे सांगायला ती भिंतीशी आली, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. रविवार होता, नवराही घरात होता.

"घराचं एवढं नाय वाटत गं," ती म्हणाली. "भिंती काय, तिकडंपण हायेत. ह्याचं वाटतं." तिनं पपईच्या बुंध्याकडे हात केला. तिच्या भावांनी माहेरचं घर कधीच विकलं होतं. तिथं आता कुणाचा तरी बंगला आहे आणि त्याला फाटक आहे. "आईच्या हातचं आता एवढंच ऱ्हायलंय."

"मग पनवेलला न्या ना," मी म्हणाले.

"नेला होता. दोन डाव कुंडीत घालून नेला. दोन्ही डाव मेला. पोरगा म्हनतो बाल्कनीत ऊन नाय." तिनं मान हलवली. "उनाचं काय नाय. तो लागनारच नव्हता."

का लागणार नव्हता, हे मी विचारलं नाही. मी कपड्याला चिमटा लावला. मग ती म्हणाली, "तू लावशील तुझ्याकडं?"

नवरा दारातून हसला. तो चाचीच्या अंगाखांद्यावर वाढलेला, तिला अगंतुगं करणारा. "चाची, हिच्याकडं? हिच्या हातनं निवडुंग मेलाय गं. दुसरं कुणी बघ."

"दुसरं कुनी नको. हिच्याकडंच ऱ्हाऊ दे," चाची म्हणाली. का, ते तिनं त्यालाही सांगितलं नाही.

मी मग ते काम अंगावर घेतलं आणि अगदी शास्त्रशुद्ध घेतलं. दुकानातनं रोपांचा ट्रे आणला, कोकोपीट आणलं, भिंतीशी जाऊन म्हणाले, "चाची, द्या." तिनं विळीनं कापून चांगले लांबसडक शेंडे दिले. मी ते एकेका खणात एकेक लावले, वर झारीनं पाणी शिंपडलं, ट्रेवर तारखेची पट्टीसुद्धा चिकटवली. आठवडाभरात ट्रेमध्ये फक्त ती पट्टी ताजी दिसत होती. मग मुळं फुटायची पावडर आणली, पुन्हा भिंतीशी गेले, पुन्हा "चाची, द्या." पुन्हा तेच.

चाची भिंतीवरून वाकून माझ्या वाळक्या काड्यांकडे बघायची. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणायची, "मागून घेतलास नं, म्हनून."

"चाची, असं काही नसतं," मी समजावलं. गिऱ्हाइकांना समजावताना चेहरा करते तोच चेहरा केला. "ओलावा जास्त झाला. किंवा मग कमी झाला."

"बरं," चाची म्हणाली.

ईदला तिनं नेहमीसारखी बिर्याणी पाठवली. वर परतलेला कांदा आणि बारीक चिरलेला पुदिना. नवऱ्यानं दोनदा वाढून घेतली. मला घास उतरेना. चाचीच्या आईचं एवढंसं हिरवं राहिलं होतं, ते माझ्याकडे सोपवलं होतं आणि मी ते नेमानं मारत होते. त्या दिवशी मला माझा खराखुरा राग आला. दुकानात बसून लोकांना काडी खोचायला सांगणाऱ्या त्या बाईचा.

चाचीच्या सामानाचा टेंपो यायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी परसात होते. चाची मागल्या दारात आली. माझ्याकडे न बघता, पपईला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, "मी नमाजाला बसते गं. मागल्या दाराला कुनी नाय."

"बरं चाची, बसा निवांत," मी म्हणाले आणि वाळलेल्या मिरच्या निवडायला लागले.

ती आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आली. मी मिरच्याच निवडत होते. तिनं एक उसासा सोडला आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "मागल्या दाराला कुनी नाय म्हनलं."

घरातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, तुला चोरी करायला सांगतेय ती."

मी गाऊन वर खोचला आणि भिंतीवर चढले. भिंत कमरेएवढी आहे हे खरं, पण ती बाकीच्यांच्या कमरेएवढी. एक पाय पलीकडे पोचला, दुसरा अलीकडेच राहिला, गाऊन दगडात अडकला आणि फाटल्याचा आवाज झाला. कशीबशी पलीकडे उतरले, तेव्हा लक्षात आलं की खुरपं आणलेलं नाही. सबंध चौकाला खुरपी विकणारी मी, हातानं माती उकरत पपईखाली ओणवी बसले.

"काय शोधताय ताई?"

मागच्या पाणंदीतून एक म्हातारबाबा सायकल हातात धरून चालले होते. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या भेंडीला काय फवारायचं, ते मीच सांगितलं होतं. आता आली का पंचाईत. पुदिना नेतेय म्हणावं, तर ते म्हणणार, घ्या की, चाची काय नाही म्हणते का? हाकच मारतील तिला. आणि तिनं एकदा का "घे गं" म्हटलं की ती चोरी उरत नाही. गंमत बघा, चोरीबिरी काही नसतं म्हणणारी मी, त्या घटकेला ती चोरी मोडू नये म्हणून जिवाच्या आकांतानं खोटं शोधत होते.

"कोंबडी," मी म्हणाले.

"कुनाची?"

"आमची."

"तुमी कोंबड्या कवापासनं पाळल्या?" त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली. "कंची हाय?"

"तांबडी."

बाबा आत आले. चांगला माणूस. त्यांनी लाकडांच्या ढिगामागे वाकून बघितलं, पाण्याच्या टाकीखाली काठी घालून बघितलं, तोंडानं "बक बक बक" केलं. त्यांची पाठ वळली की मी उपटायची, त्यांनी माझ्याकडे बघितलं की मीही "बक बक" करायची. निवडायला, कापायला वेळ कुठला? हाताला लागला तो झुबका मातीसकट ओढला आणि गाऊनच्या खिशात कोंबला.

तेवढ्यात माझं लक्ष खिडकीकडे गेलं. चाचीचा नमाज पढून केव्हाच झाला होता. ती खिडकीकडे पाठ करून चटईवर तशीच बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडते. मग तोंडात ओढणीचा बोळा धरून हसल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ खांदे हलत राहिले, तेव्हा ते हसणंच होतं का, हे मला आजही सांगता यायचं नाही.

"नाय गावत," बाबा म्हणाले. "मुंगसानं नेली आसंल." मीही सुतकी चेहरा केला.

मोरीचं पाणी आमच्याकडे पायपातून थेट गटारात जायचं. संध्याकाळच्या आत मी नवऱ्याला तो पाईप कापायला लावला. तो कुरकुरला, पण त्यानं कापला. त्या ओलीवर, दुकानातलं काहीही न घालता, खिशातला चुरगळलेला झुबका मी मातीत दाबला. तो लावला म्हणण्यासारखा प्रकार नव्हता, पुरला म्हणावं असाच होता.

चाची भिंतीशी आली. "काय लावलंस गं तिथं?"

"काही नाही चाची."

"बरं," ती म्हणाली. "जे काय नाय, त्याला तांदळाचं धुवन घाल."

सकाळी टेंपो आला. रात्रीतून माझ्या पुदिन्याची होती नव्हती ती पानं मान टाकून काळवंडली होती, नुसत्या काड्या उभ्या. चाची निघताना आमच्याकडे आली, सासूबाईंच्या फोटोसमोर जरा थांबली, मला जवळ घेतलं. मग भिंतीशी गेली, आपल्या हिरव्या गोधडीकडे बघितलं आणि मग माझ्या काड्यांकडे. टेंपो गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण दुकान उघडायचं होतं आणि डोळे लाल घेऊन गल्ल्यावर बसता येत नाही.

दुकानात त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते काखेत कोंबडी घेऊन. "ताई, ही तुमची का? आमच्या गुरांच्या वाडग्यात शिरली." तांबडीच होती. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी एक आली, ती निदान पांढरी होती. चौकातली माणसं एकमेकांच्या कामाला येतात ती अशी. अजूनही कुणीतरी युरियाचं पोतं उचलता उचलता विचारतं, "गावली का ओ कोंबडी?" आणि मी म्हणते, "नाही हो."

घर पाडायला वेळ लागला नाही. पपई पडली, शिळा उचलली, आणि मग एका सकाळी मिक्सर आला. मी परसात उभी राहून बघत होते. पुदिन्यावरून खडी पसरली गेली, तेव्हासुद्धा वास आला. चिरडल्यावर तर तो जास्तच येतो. मग कोबा पडला आणि वास बंद झाला. मला बघवेना म्हणून मी खाली बघितलं. माझ्या पायाशी, मेलेल्या काड्यांच्या बुडाशी, जांभळट हिरवा कोंब होता. गव्हाच्या दाण्याएवढा. मी तिथंच चिखलात बसले. आधी खात्री करून घेतली की ते गवत नाही, कारण माझा स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता. मग नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्यानं निवांतपणे उलगडा केला. "मागून घेतलेस तेव्हा चटणीचे शेंडे घेतलेस. चोरताना घाई झाली, मुळं आली. त्यात काय एवढं?" बरोबर आहे त्याचं. पाकिटाच्या पाठीवर छापण्याइतकं बरोबर आहे. पण परवा एका फार्महाऊसवाल्या बाईंनी मिंट मागितला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "चोरून आणा." त्या काही न घेता गाडीत बसल्या.

आता माझं काय झालं ते सांगते. ज्या बाईच्या हातून आयुष्यात काही उगवलं नाही, तिच्याकडे उगवलं की ती बाई घरात राहू देण्याच्या लायकीची उरत नाही. मी कुणाला पान तोडू देईना. मुसळधारेत कोंब कुजतील म्हणून त्याच्यावर माझी छत्री बांधली आणि स्वतः दुकानात भिजत गेले. ताकाला हवा म्हणून नवरा कर्जतच्या बाजारातून जुडी आणायचा आणि परसातल्या पुदिन्याकडे बघत बघत ते ताक प्यायचा. चाचीचा फोन यायचा. मी बरी, तू बरी झालं की ती विचारायची, "आणि ते काय नाय, ते कसं हाय?" मी सांगायची, "ते पण बरं आहे."

थंडी पडल्यावर एका रविवारी मुलगा तिला गाडीनं घेऊन आला. पुदिना एव्हाना मोरीपासून भिंतीपर्यंत गेला होता आणि कोब्याच्या कडेला चीर शोधत होता. चाची आधी कोब्याकडे बघत उभी राहिली. तिथं एक ट्रक लावलेला होता. मग ती वळली, गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसली आणि पानावरून हात फिरवून बोटं नाकाशी नेली. डोळे मिटले.

"घ्या ना चाची," मी म्हणाले. "लागेल तेवढा घेऊन जा. तुमचाच आहे."

तिनं डोळे उघडले आणि ती चक्क चिडली. "माझा म्हनू नको," ती म्हणाली. "माझा होता म्हनून तं तिकडं मेला. आपलाच आपुन चोरायचा कसा गं? आता तुझा हाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पनवेलला मेलेल्या दोन कुंड्या, 'हिच्याकडंच ऱ्हाऊ दे', नमाजाला बसते म्हणून पपईला दिलेली हाक, सगळं एका सरळ रेषेत होतं. तिला तिचा पुदिना माझा करून हवा होता. आणि तेवढंसं करायला मी तिला किती दमवलं होतं.

"मला चहा नाय ठेवनार?" चाची म्हणाली.

मी उठले. आत गेले, आधण ठेवलं आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिले. नवरा विचारत आला, "चाची कुठाय?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" चहा उकळला तरी मी तो उतरवला नाही. पुन्हा उकळू दिला. दूध आटून चहा जवळजवळ बासुंदीच्या वाटेला लागला, तेव्हा ट्रे उचलला.

चाची परसातल्या खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पिशवीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. ओला रुमाल ती पनवेलहूनच घेऊन आली होती. मी कपबशी पुढं केली. तिनं ती घेतली, तिच्या नखांत माती होती.

"काही शोधत होतात का चाची?" मी विचारलं.

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"कोंबडी गं," ती म्हणाली. "तांबडी."